पाताळकोटची न ठरवलेली रात्र: पाच बॅगा, काय होतं आणि काय नव्हतं

मागच्या डिसेंबरात आम्ही पाच जणं "सकाळी जाऊन रात्री जेवायला घरी" असं सांगून नागपूरहून निघालो आणि ती रात्र पाताळकोट दरीच्या तळाशी एका अनोळखी माणसाच्या घरी काढली. कोणाला मोठं काही झालं नाही. पण घरी आल्यावर मी पाचही बॅगा हॉलमध्ये ओतल्या, प्रवासाच्या सामानाचा लटकता काटा असतो ना तो काढला आणि एकेक वस्तू तोलून वहीत लिहिली. वापरली का, नाही वापरली तर का, आणि कोणती नव्हती म्हणून अडलं. हे सगळं त्या वहीतून लिहून राहिलो आहे, कारण आपल्याकडे ट्रेकला जाणारे आता खूप झालेत आणि बॅग भरताना जवळपास सगळेच तेच करतात जे आम्ही केलं.

आधी माणसं सांगतो. मी, माझा आतेभाऊ म्हणजे दादा, वहिनी, माझी भाची (वय १९, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला) आणि काका. काकांचं वय ५६, शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे. चालायला मात्र आमच्यापेक्षा पक्के, रोज पहाटे अंबाझरी तलावावर चालायला जातात. त्यामुळे त्यांची काळजी कोणी केलीच नाही, आणि करायला पाहिजे होती ती पायांची नाही, बुटांची आणि गोळीची.

जागा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाताळकोट म्हणजे छिंदवाडा जिल्ह्यातल्या तामियाजवळची घोड्याच्या नालेसारखी खोल दरी, वरच्या कड्यापासून तळ साधारण १२०० ते १५०० फूट खाली, आणि त्या तळात भारिया आणि गोंड लोकांची गावं. नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया करत तामिया. घाट धरून चार तास तर सहज लागतात. इथे एक गोष्ट नेहमीच्या ट्रेकपेक्षा उलटी आहे, ती आम्ही नीट मनावर घेतलीच नव्हती. गडावर जाताना आधी चढ असतो आणि थकलो की उतार असतो, दरीत मात्र आधी उतार. उतरताना सगळ्यांना वाटतं किती सोपं आहे, आणि खरा चढ दुपारनंतर, पाय थकल्यावर, ऊन जायच्या वेळी सुरू होतो. त्यात दरीच्या तळात ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं, कारण कडा आडवा येतो. नागपुरात डिसेंबरच्या शेवटी साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, दरीत चारलाच सावली पडून गारवा सुरू झाला होता.

आदल्या रात्रीची बॅग कशी भरली ते बघा. प्रत्येकाने आपापली भरली, कोणी कोणाला विचारलं नाही. दादाने कॅमेरा, दोन लेन्स आणि ट्रायपॉड घेतला. भाचीने स्पीकर आणि बॅडमिंटनच्या रॅकेट, कारण खाली मोकळं मैदान असेल असं तिला वाटलं. वहिनींनी खाणं घेतलं आणि त्यांचं खाणं म्हणजे पाच माणसांना दोन दिवस पुरेल असं, मेथीचे पराठे, फल्लीची म्हणजे शेंगदाण्याची चटणी, चिवडा, चिक्की आणि संत्री, चांगली तीन किलो. अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या पिकाची, शेवटची संत्री होती, गोड आणि रसाची, आणि पुढे कळेल की त्या दिवशी बॅगेतली सगळ्यात कामाची वस्तू तीच निघाली. मी एक जास्तीची जीन्स, दोन छत्र्या आणि एक प्लास्टिकची चटई घेतली. काकांनी माळ्यावरून ट्रेकिंगचे बूट काढले, २०१७ साली घेतलेले, दोनदाच घातलेले, वरून एकदम नवे. पाणी प्रत्येकी एक बाटली, एक लिटर. गरम कपड्यात पातळ जॅकेट तिघांकडे, एक शाल वहिनींकडे, काकांकडे फक्त हाफ स्वेटर, कारण "दिवसा तर ऊनच राहते ना". आम्ही नागपूरची माणसं उन्हाचीच तयारी करतो, मे महिना डोक्यात इतका बसलेला असतो की थंडी ही आपल्याकडची गोष्टच वाटत नाही. पण याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ डिग्रीवर आला होता, शहरात, सिमेंटच्या घरांमध्ये. डोंगरातल्या खोलगट जागेत काय होत असेल याचा विचार कोणी केला नाही.

आता दिवस कसा गेला. पाचला निघायचं होतं, सव्वासहाला निघालो. सावनेरला तर्री पोहे खाल्ले, तिथे चाळीस मिनिटं. कड्यावर पोचलो तेव्हा सव्वाअकरा, गाडी लावून उतरायला सुरुवात पावणेबाराला. तिथेच कोणीतरी म्हणायला पाहिजे होतं की आता अर्ध्यातून वापस फिरू. दोन तास खाली, तीन तास वर धरले तर साडेचारच्या आत कसं वर पोचणार? पण पायवाट सुंदर होती, हर्रा-आवळ्याची झाडं, कड्यावर आग्या मोहोळं लटकलेली, खाली हिरवी शेतं. दीड-पावणेदोनला खाली पोचलो, जेवलो, फोटो काढले, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी चढायला लागलो.

पावणेचारला काकांच्या उजव्या बुटाचा सोल सुटला. सुटला म्हणजे चिकटवलेलं निघतं तसं नाही. टाच खारी बिस्किटासारखी भुगा होऊन गळत होती, मागे पायवाटेवर काळपट तुकडे पडत होते आणि हातात घेतलं की बोटांनी चुरगळत होते. ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती, नंतर शोधून वाचली आणि दोन बूट दुरुस्त करणाऱ्यांना दाखवूनही विचारली. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या सोलमध्ये मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हा थर हवेतला दमटपणा हळूहळू ओढतो आणि आतून तुटत जातो, आणि बूट न वापरता नुसता ठेवून दिला तरी हे चालूच राहतं. वरून चामडं चकचकीत, आतला थर संपलेला. माळ्यावर सहा-सात वर्षं ठेवलेला बूट घालून सरळ डोंगरात जाणं म्हणजे काय ते आम्ही पाहिलं. वीस मिनिटांनी डावा पण गेला, कारण दोन्हीचं वय एकच. आमच्याकडे ना सुतळी, ना चिकटपट्टी, ना प्लास्टिकचे बांधायचे पट्टे. भाचीच्या हुडीची नाडी आणि वहिनींची ओढणी फाडून बांधलं, शंभर पावलं टिकायचं, परत सैल. काका न बोलता चालत होते पण दर पाच मिनिटांनी थांबावं लागत होतं, आणि एकदा घसरून घोटा पण मुरगळला, थोडाच, पण चढाला थोडाही जड.

पावणेपाचच्या सुमारास काका एका दगडावर बसले आणि दादाने हात दिला तर चिडून म्हणाले, "जा ना तुम्ही पुढे, मी येतो." काका असे बोलत नाहीत. भाचीने जवळ जाऊन पाहिलं तर गार हवेत कपाळावर घाम, हात थरथरत होते. तिने लगेच ओळखलं, शुगर उतरली. सकाळची गोळी घेतली होती, पोहे खाल्ले होते, पण दुपारी चढायच्या आधी पोट जड नको म्हणून अर्धा पराठा खाऊन उठले होते आणि त्यावर दीड तास चढ. मी चिक्की पुढे केली, ती म्हणाली, "मामा, चिक्कीत फल्ली आहे, तेल आहे, ते उशिरा लागतं, आधी नुसतं गोड पाहिजे." दोन संत्री पेल्यात पिळली, तो रस दिला, पंधरा मिनिटं बसून राहिलो, मग पराठा आणि चिक्की. पंधरा ग्रॅमच्या आसपास साखर, पंधरा मिनिटं थांबायचं, सुधारलं नाही तर परत, असा तो नियम तिने नंतर मला वहीत लिहून दिला. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पुडी तेच काम करते आणि ती खिशात बसते. आमच्या कोणाच्याच खिशात नव्हती. आणि संध्याकाळची गोळी वर गाडीच्या डॅशबोर्डमध्ये.

पाच वाजून दहा मिनिटांनी ठरवायची वेळ आली. आम्ही एक तृतीयांश चढलो होतो. वर दोन तास, अंधारात, टॉर्च एकही नाही, पाच मोबाइल आणि त्यातले दोन फोटो काढून वीस टक्क्यांच्या खाली. नेटवर्क नाही. दादाचं म्हणणं होतं की मोबाइलच्या उजेडात जाऊ, हळूहळू जाऊ, घरी आई वाट पाहील. वहिनी म्हणाल्या, "काकांचे पाय बघा आधी, मग घड्याळ." त्या वाक्यानं ठरलं. खाली वापस फिरलो आणि सहाच्या आत जे पहिलं घर लागलं तिथे उभे राहिलो. माझ्या मते त्या पूर्ण दिवसात आम्ही घेतलेला हा एक निर्णय बरोबर होता. मोबाइलचा टॉर्च हातात धरावा लागतो, म्हणजे एक हात गेला, उजेड पायाजवळच पसरतो आणि पडला की सगळंच गेलं, नकाशा, फोन, उजेड एकदम.

घरच्या भैयांनी आम्हाला पाहून पहिलं काय विचारलं असेल तर "खाना खाया?" आणि दुसरं, काकांचे पाय पाहून, "अब ऊपर मत जाओ, सुबह जाना." त्यांनी ओसरी मोकळी करून दिली, चुलीवर मक्याची भाकर आणि लसूण-मिरचीची चटणी, आम्ही आमचे पराठे आणि संत्री त्यांच्या मुलांना दिली. इथपर्यंत ऐकायला छान वाटतं. रात्रीचं सांगतो.

थंड हवा जड असते, ती उतारावरून वाहत येऊन खोलगट जागेत साचते, आणि आम्ही बरोबर त्याच जागेत होतो. नऊनंतर बोलताना तोंडातून वाफ दिसायला लागली. दिवसा घामाने भिजलेल्या कॉटनच्या बनियनी अंगात तशाच होत्या, कॉटन ओलं झालं की वाळायला वेळ घेतं आणि अंगाची ऊब ओढत राहतं, बदलायला कोरडं काही नव्हतं, ती जीन्स सोडून. सारवलेल्या जमिनीवर माझी प्लास्टिकची चटई टाकली, त्यावर आम्ही चौघं, काकांना खाट दिली. अर्ध्या तासात कळलं की थंडी वरून नाही, खालून येऊन राहिली आहे. पाठ, कुल्ला, खांदा, जिथे जिथे वजन पडतं तिथे जमीन ऊब ओढून घेते. पांघरूण वरून कितीही टाका, अंगाखाली दाबलं गेलं की त्यातली हवा निघून जाते आणि ऊब तर त्या हवेनेच धरलेली असते. मी पहिल्यांदा जॅकेट काढून पाठीखाली घातलं तेव्हा फरक पडला. मग भैयांनी तीन रिकामी पोती आणली, आपल्याकडे ज्याला तणस म्हणतात ना, भाताचं वाळलेलं काड, ते भरून दिलं. काड चुरचुरायचं, टोचायचं, धुळीनं शिंका यायच्या, पण त्यावर पाठ टेकली आणि दहा मिनिटांत थरथर थांबली. त्या दोन बोटं जाडीच्या काडात जे होतं तेच दुकानातल्या फोमच्या मॅटमध्ये असतं, बंद हवा, दुसरं काही नाही.

आणि मग त्यांनी दोन कांबळी आणून दिली. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. रात्री अडीचच्या सुमारास मी बाहेर जायला उठलो, आतल्या दाराशी चुलीचा निखारा होता, त्या उजेडात दिसलं की त्यांची तिन्ही मुलं एका चादरीखाली एकमेकांना चिकटून चुलीजवळ झोपली होती. कांबळी त्यांची होती.

हे दृश्य माझ्या डोळ्यापुढून जात नाही. लोक म्हणतात कमी सामान घ्या, हलकं चाला, आणि ते खरंही आहे, पण आम्ही जे घेतलं नव्हतं त्याचं वजन नाहीसं झालं नव्हतं. ते त्या घरावर पडलं. टॉर्च नव्हता तर त्यांचं रॉकेल जळलं, मॅट नव्हती तर गुरांचं काड गेलं, पाणी संपलं होतं तर त्यांच्या बाईनं झऱ्यावरून एक घागर जास्त आणली. सकाळी पैसे पुढे केले तर घेत नव्हते, वहिनींनी मुलांच्या हातात ठेवले. तिथल्या लोकांच्या घरी जाऊन राहणं, जेवणं, पैसे देणं हे ठरवून केलं तर चांगलंच आहे, त्यांना उत्पन्न होतं. न सांगता पाच माणसं अंधारात दारात उभी करणं वेगळं.

नागपुरात काय चालू होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. आई, आत्या, दादाचे सासरे, सगळे रात्रभर जागे. घरी फक्त "छिंदवाड्याकडे जाऊन राहिलो" एवढंच सांगितलं होतं, गाव नाही, कड्यावरून कुठून उतरणार ते नाही, कितीला फोन आला नाही तर काळजी करायची ते नाही. पोलिसांना फोन लावायचा तर कुठल्या ठाण्याला लावायचा? आत्यांनी सकाळी सहाला ११२ लावला तेव्हा त्यांना सांगण्यासारखं एकही ठिकाण नव्हतं. या गोष्टीचं वजन शून्य ग्रॅम आहे, एक कागद. आता माझ्या घरी फ्रिजवर चुंबकाखाली तो कागद लावल्याशिवाय मी निघत नाही: कोण कोण, गाडीचा नंबर, कुठून चालायला सुरुवात, कोणत्या गावातून वापस, आणि एक वेळ, की या वेळेपर्यंत फोन आला नाही तर हलायचं.

वहीतला हिशोब सांगतो. न वापरलेलं किंवा नसतं तरी चाललं असतं असं सामान: कॅमेरा-लेन्स २.१ किलो, ट्रायपॉड १.३, स्पीकर ०.६, रॅकेट ०.५, जीन्स ०.७, दोन छत्र्या ०.८. बेरीज सहा किलो. आता ज्याच्याशिवाय अडलं ते: पाच हेडलॅम्प म्हणजे डोक्याला बांधायचे टॉर्च मिळून अर्ध्या किलोच्या आत, पाच फ्लीसचे म्हणजे मऊ उबदार कापडाचे जॅकेट पावणेदोन किलो, अंगाला गुंडाळायचे चंदेरी रेस्क्यू शीट पाच मिळून तीनशे ग्रॅम, प्रथमोपचाराची पिशवी साडेतीनशे, सुतळी, चिकटपट्टी, लायटर, शिट्टी मिळून दोनशे, पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या वीस ग्रॅम. सगळं मिळून तीन किलोच्या थोडं वर. म्हणजे सहा किलो नको ते घेऊन गेलो आणि तीन किलो पाहिजे ते घरी ठेवलं. दादाला कॅमेऱ्याचं वाईट वाटलं, मी त्याला म्हटलं की कॅमेरा घे, एक लेन्स घे, पण हेडलॅम्प भरून झाल्यावर घे.

अमेरिकेतल्या सिअॅटलच्या द माउंटेनिअर्स या क्लबने १९३० च्या दशकात डोंगरात जाणाऱ्यांसाठी दहा अत्यावश्यक गोष्टी ठरवल्या होत्या, आजही जगभर तीच यादी थोड्याफार फरकाने चालते: दिशा कळायचं साधन, उजेड, उन्हापासून बचाव, प्रथमोपचार, चाकू आणि दुरुस्तीचं सामान, आग, आडोसा, जास्तीचं खाणं, जास्तीचं पाणी, जास्तीचे कपडे. मी ती आमच्या त्या दिवसाशी लावून पाहिली तर दहातल्या फक्त एका गोष्टीत आम्ही पूर्ण पास होतो, खाण्यात, आणि ते श्रेय वहिनींचं. या यादीतला मुद्दा असा आहे की एका दिवसासाठी जाणाऱ्यानेही न ठरवलेली एक रात्र निघेल एवढं जवळ ठेवायचं. आरामात नाही, पण निघेल.

म्हणून आता आमची दिवसाची बॅग कशी असते. एका माणसाची भरून साडेचार किलोच्या आसपास, त्यात दोन किलो तर पाणीच. हेडलॅम्प वरच्या कप्प्यात, सेल वेगळे, आणि सेल आत घालून ठेवायचे नाहीत किंवा एक उलटा घालायचा, नाहीतर बटण दाबलं जाऊन बॅगेतच संपतो. फ्लीस आणि वर पातळ विंडचीटर, भर दुपारी निघालो तरी. एक जोडी कोरडे मोजे आणि एक कोरडी बनियन, कॉटनची नाही, खेळायची टीशर्ट असते ती, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. चटई म्हणून पोत्याची किंवा फोमची एक बसकण, बसायला, आणि वेळ आली तर पाठीखाली घालायला. चिकटपट्टीचा पूर्ण गोळा न्यायची गरज नाही, बाटलीलाच दहा-बारा वेढे गुंडाळून ठेवतो. नकाशा मोबाइलमध्ये घरूनच उतरवून ठेवायचा, चालताना फोन एरोप्लेन मोडवर, आणि थंडीत फोन बॅगेत न ठेवता आतल्या खिशात, अंगाजवळ, कारण गारठ्यात बॅटरी लवकर बसते. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात, हरवलं तर तीन वाजवायच्या, थांबायचं, परत तीन. ओरडून ओरडून घसा जातो, शिट्टीला काही होत नाही.

औषधांचं भाची बघते. तिचा नियम एकच आहे की ज्याची गोळी त्याच्या अंगावर, गाडीत नाही, आणि दोन दिवसांची जास्त. काकांच्या खिशात ग्लुकोजच्या पुड्या, आणि बाकी चौघांना माहीत की कुठल्या खिशात. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, तो भाग हलू द्यायचा नाही आणि १०८ किंवा मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठायचा, हे तिने आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. प्रथमोपचाराच्या पिशवीत क्रेप बँडेज दोन असतात आता, एकानं घोटा बांधला की दुसरं उरलं पाहिजे.

पाण्याबद्दल थोडं. आपल्याकडे हिवाळ्यात दोन लिटर, मार्चनंतर चार पण कमी पडतात, आणि एप्रिल-मेमध्ये तर मी विदर्भात दिवसाच्या ट्रेकला जाऊच नका म्हणतो, पहाटे जाऊन नऊच्या आत खाली. झऱ्याचं पाणी काचेसारखं दिसलं तरी वर कोणाची गुरं आहेत ते आपल्याला दिसत नाही. उकळी फुटून मिनिटभर उकळलं की पुरतं, नाहीतर गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबायचं. आणि पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत उंच गवतात बसायचं-लोळायचं नाही, २०१८ ला नागपुरात स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती ती आठवत असेल, तो गवतातल्या बारीक किड्यांच्या अळ्या चावून होतो. पूर्ण बाह्या, पॅन्ट मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्या आल्या कपडे गरम पाण्यात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला सांगायचं की जंगलात गेलो होतो, आणि अंगावर काळी खपली दिसली तर ती दाखवायची.

मुक्कामाची बॅग वेगळी नाही, दिवसाच्या बॅगेवरच चढवायची. बॅग मोठी, स्लीपिंग बॅग सव्वा किलो, फोमची मॅट साडेतीनशे ग्रॅम, झोपायचे कोरडे कपडे आणि कानटोपी, रात्रीचं जेवण, भांडं आणि ताडपत्री वाटून घेतली तर प्रत्येकी पाऊण किलो. नऊ किलोच्या आसपास जाते. दिवसाला अंगाच्या वजनाच्या दहावा हिस्सा आणि मुक्कामाला पाचवा हिस्सा यापेक्षा जास्त पाठीवर नको असा ढोबळ हिशोब सगळीकडे सांगतात आणि तो मला पटतो. पैशाचं म्हणाल तर महागडं काही नाही घेतलं, ताडपत्री आणि सुतळी नागपूरच्या इतवारी बाजारातून, मॅट आणि हेडलॅम्प सीताबर्डीवरून. पैसे खर्च करायचेच तर मॅट आणि बुटांवर करा, स्लीपिंग बॅग पहिल्या वेळी भाड्याने किंवा मित्राची चालते. भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, जड सामान पाठीला लागून मधल्या उंचीवर, जॅकेट आणि उजेड सगळ्यात वर. आतून एक मोठी काळी कचऱ्याची पिशवी, मग पाऊस येवो नाही तर बाटली फुटो. जमिनीवर झोपायचं असेल तर मच्छरदाणी पण, कडा मॅटखाली नीट खोचलेल्या, कारण मण्यार रात्रीच फिरतो, झोपलेल्या माणसाला चावला तर बरेचदा दुखतही नाही. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, विंचू असतो.

एक आवर्जून: जंगलात कुठेही तंबू ठोकायला बंदी असते आणि आपल्या भागातल्या जंगलात वाघ, बिबट, अस्वल आहेत, तेव्हा मुक्काम म्हणजे गावात, कोणाच्या अंगणात, आधी विचारून. आणि आग्या मोहोळाच्या कड्याखाली शेकोटी नको, अत्तर नको.

फेब्रुवारीत आम्ही परत गेलो, तेच पाच जण, या वेळी मुक्कामाला म्हणूनच. तामियाहून एकाच्या हातून आधी निरोप पाठवला होता की पाच माणसं येतील, जेवण तुमच्याकडे, त्याचे इतके देऊ, अंथरूण-पांघरूण आमचं. नागपूरहून साडेचारला निघालो, पोह्यांना थांबलो नाही, नऊला उतरायला लागलो. दोन नवी कांबळी घेऊन गेलो होतो, वहिनींनी ती मुलांच्या आईच्या हातात दिली आणि संत्र्यांची एक पिशवी, मृग बहाराची या वेळी. रात्री आम्ही त्याच ओसरीत आमच्या मॅटवर झोपलो, कोणाचं काड लागलं नाही. मुलं हेडलॅम्प डोक्याला लावून अंगणात फिरत होती, धाकटा लाल उजेडाचं बटण दाबून दाबून पाहत होता.

सकाळी वर निघायच्या आधी काका ओटीवर बसून नवे बूट बांधत होते. हे बूट त्यांनी महिनाभर अंबाझरीला घालून चालून पायाला बसवून घेतले होते. भैया जवळ आले, खाली बसले, काकांचा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला, दोन्ही हातांनी सोल धरून टाचेकडून चांगला ओढून पाहिला, मग दुसऱ्या पायाचा पण पाहिला, आणि पाय खाली ठेवून म्हणाले, "अब जाओ."